मोटारगाडीचा डॅशबोर्ड

मोटारगाडीचा डॅशबोर्ड म्हणजे चालकाच्या आसनासमोर, पुढच्या काचेखाली आडवा पसरलेला फलक होय. गतिमापक, इंधनदर्शक, तापमानदर्शक व इशारादिवे या फलकावर असतात. दिवे, वायपर, वातानुकूलन इत्यादींची नियंत्रणे फलकावर किंवा स्टिअरिंगलगतच्या दांड्यांवर बसवलेली असतात. काटे आणि इशारादिवे असलेल्या स्टिअरिंगमागील भागाला इन्स्ट्रुमेंट क्लस्टर म्हणतात. बोलीत त्याला नुसते 'मीटर' असेही म्हटले जाते.

इशारादिवा गाडीतील बिघाडाचे निदान करत नाही. एखाद्या सेन्सरने किंवा स्विचने टिपलेली एकच गोष्ट तो कळवतो. तेलाच्या चित्राचा दिवा तेलाची पातळी दाखवतो, हा समज सर्वत्र आढळतो; प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांत तो तेलाचा दाब दाखवतो. दिवा नेमके काय मोजतो आणि काय मोजत नाही हे माहीत नसल्यामुळे शे-दोनशे रुपयांच्या गळतीपायी संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते, किंवा अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडत नाही.

नाव व इतिहास

'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोड्यांच्या टापांनी उडालेला चिखल गाडी हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढच्या बाजूस लाकडाची किंवा चामड्याची फळी लावत. तिला हे नाव होते. घोडे गेले तरी फळी राहिली आणि पुढे तिच्यावर उपकरणे बसवण्यात येऊ लागली.

स्ट्रासबर्ग येथील ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये भोवरी विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या गतिमापकाचे एकस्व घेतले. या रचनेत गिअरबॉक्सकडून येणारी तार एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती त्याला स्पर्श न करणारी ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि वाटी त्याच दिशेने ओढली जाते. मात्र एक बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त, आणि तितका काटा पुढे सरकतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुसंख्य गाड्यांत हीच रचना होती. आता चाकांजवळचे किंवा गिअरबॉक्समधील सेन्सर विद्युत संकेत पाठवतात आणि काटा किंवा पडद्यावरचा आकडा त्यांवर चालतो.

सुरुवातीच्या मोटारींत तेलाचा दाब, बॅटरीचा प्रवाह यांसाठी स्वतंत्र काटे असत. अमेरिकेतील हडसन कंपनीने १९३० च्या दशकात त्यांच्या जागी दिवे आणले. काटा वाचायला शिकावे लागते, दिवा कोणालाही दिसतो, हा त्यामागचा विचार होता. जाणकारांनी मात्र या दिव्यांना 'मूर्खांचे दिवे' असे टोपणनाव दिले. टोपणनाव कुत्सित असले तरी आक्षेप बिनबुडाचा नव्हता. काटा हळूहळू सरकतो आणि बिघाड होण्याआधी त्याची चाहूल देतो. दिवा मर्यादा ओलांडल्यावरच लागतो.

रंग आणि चिन्हे

इशारादिव्यांची चिन्हे आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी १२१ क्रमांकाचा नियम आणि भारतातील एआयएस-०७१ हे मानकही याच विषयाशी संबंधित आहेत. एआयएस मानके पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था प्रकाशित करते. चिन्हांत शब्द नसल्यामुळे जपानमध्ये तयार झालेली गाडी साताऱ्यातील चालकाला वाचता येते.

लाल दिवा धोका दर्शवतो आणि त्याची दखल तत्काळ घ्यावी लागते. पिवळा किंवा नारिंगी दिवा सावध करतो. गाडी सहसा चालवता येते, पण तपासणी लांबणीवर टाकू नये. हिरवा दिवा एखादी यंत्रणा सुरू असल्याचे सांगतो. निळा रंग हेडलाइटच्या 'अप्पर'साठी, म्हणजे दूरवर पडणाऱ्या झोतासाठी राखलेला आहे. तापमानाचा काटा नसलेल्या अनेक नव्या गाड्यांत इंजिन थंड असतानाही निळा दिवा लागतो व थोड्या वेळाने विझतो. तोपर्यंत इंजिनावर जोर देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. हँडब्रेक व सीटबेल्ट यांचे दिवे बिघाड नसतानाही लाल असतात, कारण ते दुर्लक्षिण्याचा परिणाम गंभीर असतो.

किल्ली फिरवल्यावर किंवा स्टार्टचे बटण दाबल्यावर बहुतेक लाल व पिवळे दिवे काही क्षण एकदम लागतात आणि मग एकेक करून विझतात. ही गाडीची स्वयंतपासणी असते. नव्या चालकाला या वेळी बिघाडाची भीती वाटते. खरी चिंता एखादा दिवा या वेळीही लागत नसेल तर करावी. त्याचा बल्ब किंवा जोडणी गेलेली असते, अथवा तो मुद्दाम बंद केलेला असतो. जुनी गाडी विकत घेताना इंजिन सुरू करण्यापूर्वी या दिव्यांची हजेरी घेणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे. एअरबॅगचा किंवा इंजिनाचा दिवा सतत लागत असल्याचे लपवण्यासाठी तो निकामी करण्याचे किंवा दुसऱ्या दिव्याच्या तारेला जोडण्याचे प्रकार घडतात. दुसऱ्या प्रकारात तो त्या दिव्याबरोबरच लागतो व विझतो, म्हणून प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे विझतो का हे पाहावे लागते.

तेलाच्या दाबाचा दिवा

तेलाच्या झारीच्या आकाराचा लाल दिवा हा डॅशबोर्डवरील सर्वांत तातडीच्या दिव्यांपैकी एक आहे. इंजिनातील क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगांवर प्रत्यक्ष टेकलेला नसतो. पंपाने पुरवलेल्या तेलाच्या अतिशय पातळ थरावर तो तरंगत फिरतो. हा पुरवठा थांबला तर धातू धातूवर घासू लागतो आणि अल्पावधीत बेअरिंग वितळण्याइतकी उष्णता निर्माण होते. गॅरेजच्या भाषेत याला 'इंजिन जाम होणे' म्हणतात.

दिव्याला चालवणारा स्विच बहुधा दाब साधारण अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली आला तरच दिवा लावतो. महामार्गावरील वेगात निरोगी इंजिनातील दाब तीन-चार बार असतो. तो एका बारवर घसरला तरी दिवा विझलेलाच राहतो. म्हणूनच हा दिवा लागला की 'पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाऊ' हा विचार घातक ठरतो. गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे लागते. सपाट जागी काही मिनिटे थांबून तेलाची पट्टी बाहेर काढावी, पुसून पुन्हा घालावी आणि खुणा पाहाव्यात. पातळी कमी असल्यास योग्य प्रतीचे तेल भरून पाहता येते. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर पंप, गाळणी किंवा स्विच यांपैकी एखाद्यात दोष असतो. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढून नेणेच योग्य.

वळणावर, चढावर किंवा ब्रेक लावताना दिवा क्षणभर लुकलुकत असेल, तर तेल कमी झालेले असते: तेल एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढतो. उंच गतिरोधकावर किंवा दगडावर आपटून तेलाचे चेंबर फुटणे हे भारतीय रस्त्यांवरील नेहमीचे कारण आहे. आवाज झाल्यावर गाडी थांबवून खाली पाहण्याचे अनेकदा राहून जाते.

तापमान

पाण्यात बुडालेल्या तापमापकासारखे चिन्ह इंजिनाच्या कूलंटचे तापमान दर्शवते. रेडिएटरच्या दाबयुक्त झाकणामुळे आणि मिश्रणातील ग्लायकोलमुळे कूलंट १०० अंश सेल्सिअसला उकळत नाही. त्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या पुढे जातो. गरम इंजिनाचे झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि आतले द्रव एकदम वाफ होऊन उसळते. यामुळे हात व चेहरा भाजण्याच्या दुर्घटना घडतात. निव्वळ साधे पाणी भरत राहिल्यास उत्कलनबिंदू खाली येतो आणि आत गंज चढतो.

कसारा, बोरघाट किंवा खंबाटकीसारख्या घाटांत, विशेषतः उन्हाळ्यात भरलेल्या गाडीने चढताना काटा वर जाऊ लागल्यास वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण उष्णतेवर लावण्याचा जुना उपाय खरोखर उपयोगी पडतो. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. लाल दिवा लागल्यावर मात्र थांबणे अटळ असते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो. कूलंट पूर्णपणे गळून गेल्यास सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा फसवा, कमी आकडा दाखवू शकतो. काटा एकाएकी खाली आला व इंजिनाचा आवाज बदलला तर तो दिलासा समजू नये.

बॅटरीचा दिवा

हा दिवा बॅटरीच्या नव्हे, तर ती भारित करणाऱ्या व्यवस्थेच्या दोषाचा असतो. इंजिन सुरू असताना अल्टरनेटर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टचा पुरवठा करतो. पट्टा तुटला किंवा अल्टरनेटर बंद पडला की गाडी बॅटरीतील साठ्यावर धावते आणि तो संपला की थांबते. अनेक जुन्या गाड्यांत या दिव्यातून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला प्रारंभिक चुंबकत्व देत असे. त्यामुळे साध्या बल्बच्या बिघाडाने भारण थांबण्याचा चमत्कारिक दोष उद्भवे.

ब्रेक, एबीएस आणि स्थिरता नियंत्रण

वर्तुळातील उद्गारचिन्हाचा लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असताना लागतो. हँडब्रेक सोडूनही तो विझत नसेल, तर बहुधा ब्रेक ऑइल कमी झालेले असते. गळती हे त्याचे एक कारण. ब्रेक पॅड झिजणे हे दुसरे: पॅड जितके झिजतात तितके तेल चाकांकडील भागात उतरते आणि वरची पातळी घटते. अशा वेळी केवळ तेल भरल्यास दिवा विझतो आणि झिजलेले पॅड तसेच राहतात.

एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला असेल तर साधे ब्रेक चालू असतात. फक्त चाके अडकण्यापासून मिळणारे संरक्षण नसते. लाल आणि पिवळा असे दोन्ही दिवे एकत्र लागल्यास पुढच्या व मागच्या चाकांतील ब्रेकबलाची विभागणीही बिघडलेली असू शकते, आणि जोरात ब्रेक लावल्यास गाडीची मागची बाजू घसरण्याचा धोका असतो. एबीएस काम करताना पायाखालचा पेडल थरथरतो व खडखड आवाज येतो. हा बिघाड समजून अनेक चालक नेमक्या त्या क्षणी पाय उचलतात. पेडल पूर्ण दाबून धरणे आणि त्याच वेळी गाडी वळवून अडथळा चुकवणे शक्य व्हावे, हाच या यंत्रणेचा हेतू आहे.

घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा स्थिरता नियंत्रणाचा असतो. गाडी प्रत्यक्ष किती वळते आहे आणि स्टिअरिंग किती फिरवले आहे यांची तुलना करून ही यंत्रणा एखाद्या चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते. हा दिवा लुकलुकत असेल तर यंत्रणा त्या क्षणी काम करत आहे आणि रस्ता निसरडा आहे. तो स्थिर असेल तर यंत्रणा बंद किंवा नादुरुस्त आहे.

ब्रेकला जोर देणारा बूस्टर बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा पेडल दाबताच तो संपतो आणि ब्रेक दगडासारखा कठीण होतो. घाट उतरताना इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची सवय त्यामुळे जीवघेणी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्यानेही बचत होत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आधुनिक इंजिन इंधनपुरवठाच तोडते, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यासाठी इंधन जाळत राहते.

इंजिनाचा पिवळा दिवा

इंजिनाच्या बाह्याकृतीचा पिवळा दिवा मूलतः प्रदूषणनियंत्रणासाठी आला. कॅलिफोर्नियात १९८८ पासून, तर दुसऱ्या पिढीच्या स्वरूपात संपूर्ण अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना स्वनिदान यंत्रणा सक्तीची झाली. भारतात ही दुसरी पिढी बीएस-४ मानकांतर्गत २०१३ मध्ये लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ मानकाने तिची व्याप्ती वाढवली. स्टिअरिंगखालील सोळा टोकांच्या सॉकेटला यंत्र जोडून दोषसंकेत वाचता येतो. पी०३०० म्हणजे सिलिंडरांतील ज्वलन चुकणे, पी०४२० म्हणजे उत्प्रेरकाची क्षमता घटणे. संकेत दोषाची दिशा दाखवतो, नेमका सुटा भाग नव्हे. संकेत वाचून लगेच महागडा सेन्सर बदलणे हा गॅरेजमधील सर्रास दिसणारा प्रमाद आहे.

दिवा स्थिर असेल तर गाडी जपून चालवून गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन एक्झॉस्टमधील उत्प्रेरकात जाऊन तेथे पेटते आहे, असा त्याचा अर्थ असतो. त्या उष्णतेने उत्प्रेरकाचा चिनीमातीचा गाभा वितळतो. वेग कमी करून लवकरात लवकर थांबणे हाच उपाय असतो.

बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणाऱ्या गाळणीचा आणखी एक पिवळा दिवा असतो. गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. केवळ शहरात, रोज चार-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ते गाठले जात नाही आणि गाळणी तुंबते. दिवा लागताच महामार्गावर स्थिर वेगाने काही काळ गाडी चालवल्यास ती बहुधा मोकळी होते. टाळाटाळ केल्यास इंजिनाची शक्ती घटवली जाते आणि दुरुस्ती खर्चिक होते.

एअरबॅग व सीटबेल्ट

एअरबॅगचा दिवा सतत लागलेला असेल तर अपघातात एअरबॅग उघडेल याची शाश्वती राहत नाही. स्टिअरिंगखालील गुंडाळीच्या तारेची तूट किंवा आसनाखालील सैल जोड ही त्याची नेहमीची कारणे होत. चालकाला गाडी चालवताना काहीच फरक जाणवत नाही, म्हणून हा दिवा महिनोन् महिने दुर्लक्षित राहतो. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेले बाळाचे आसन पुढे कधीही ठेवू नये. उघडणाऱ्या पिशवीचा आघात बाळाच्या डोक्यामागेच बसतो.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग, चालक व सहप्रवासी यांच्यासाठी सीटबेल्टचा इशारा, मागे घेतानाचे सेन्सर आणि ताशी ८० व १२० किलोमीटरला वाजणारी वेगसूचना सक्तीची झाली. मागच्या आसनावरील प्रवाशांनी बेल्ट लावणे नियमानुसार आधीपासूनच आवश्यक होते. पण त्याकडे लक्ष वेधले गेले ते ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर झालेल्या अपघातानंतर. त्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता. इशाऱ्याचा आवाज बंद करण्यासाठी बकलमध्ये अडकवायच्या धातूच्या चिपा बाजारात मिळत असत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्रेत्यांना त्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला.

टायरमधील हवा

घोड्याच्या नालासारख्या आकृतीतील उद्गारचिन्ह टायरमधील हवा कमी झाल्याचे दर्शवते. काही गाड्यांत प्रत्येक चाकात दाब मोजणारा सेन्सर असतो. काहींत एबीएसचे सेन्सर चाकांच्या फेऱ्यांची तुलना करतात, कारण हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन जास्त फेऱ्या घेते. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर दुसरी पद्धत सहज फसते. कमी हवेचा टायर बाजूंनी सतत दुमडून तापतो, म्हणून उन्हाळ्यात द्रुतगती मार्गावर या दिव्याचे महत्त्व अधिक असते.

नियंत्रणे

जपानी व बहुतेक भारतीय कंपन्यांच्या भारतातील गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे आणि वायपरची डावीकडे असते. अनेक युरोपीय गाड्यांत याच्या उलट. गाडी बदललेल्या चालकाने वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरवणे हे दृश्य त्यामुळे नेहमीचे आहे. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर टकटकू लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो.

लाल त्रिकोणाच्या बटणाने चारही इंडिकेटर एकदम लागतात. ते थांबलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. चौकातून सरळ जायचे असल्याची खूण म्हणून किंवा पावसात व बोगद्यात चालत्या गाडीत ते लावण्याची प्रथा चुकीची आहे, कारण मग त्याच गाडीने मार्गिका बदलली तर मागच्याला ते कळत नाही. पावसात 'डिप्पर' म्हणजे जवळचा झोत पुरेसा असतो. दाट धुक्यासाठी मागचा लाल फॉगलाइट असतो. त्याचा डॅशबोर्डवरील दिवा पिवळा, पुढच्या फॉगलाइटचा हिरवा असतो. धुके विरल्यावर मागचा फॉगलाइट बंद न केल्यास तो मागील चालकाचे डोळे दिपवतो.

गतिमापक मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार तो प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी कधीही दाखवू शकत नाही. मात्र प्रत्यक्ष वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतका फरक चालतो. उपग्रहाधारित नकाशावरील आकडा काट्यापेक्षा कमी दिसतो तो यामुळे. झिजलेले किंवा वेगळ्या मापाचे टायर हा फरक बदलतात.

चालकसाहाय्य प्रणाली व विद्युत गाड्या

कॅमेरे व रडार यांच्या साहाय्याने पुढील गाडीपासून अंतर राखणे, मार्गिकेत ठेवणे आणि स्वतः ब्रेक लावणे अशा सोयी आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळतात. स्वयंचलनाचे ० ते ५ असे स्तर एसएई जे३०१६ या मानकात ठरवलेले आहेत. दुसऱ्या स्तरापर्यंत जबाबदारी पूर्णपणे चालकाची असते. अनेक गाड्यांत स्टिअरिंग किंवा मार्गिकेचे चिन्ह हिरवे असेल तेव्हाच यंत्रणा कार्यरत असते. पांढरे किंवा करडे असेल तर ती केवळ तयारीत असते. पट्टे पुसट झालेल्या, बाजूने दुचाकी घुसणाऱ्या आणि गुरे आडवी येणाऱ्या रस्त्यावर हिरवा दिवा कोणत्याही क्षणी निमूटपणे करडा होतो, आणि अनेकदा त्याबरोबर आवाजही होत नाही.

विद्युत गाडीत इंजिनाचा आवाज नसल्याने गाडी निघण्यास सज्ज आहे हे केवळ 'रेडी' या हिरव्या अक्षरांवरून किंवा तशा चिन्हावरून कळते. ते दिसत असताना ॲक्सिलरेटरवर पाय पडला तर उभी, निःशब्द गाडी एकदम पुढे जाते. लहान मुलांना गाडीत सोडून उतरताना हे ध्यानात ठेवावे लागते. काही विद्युत गाड्यांत कासवाचे चित्र लागते. बॅटरी फार उतरली किंवा तापली असल्याने शक्ती मर्यादित केल्याची ती खूण आहे, आणि अशा अवस्थेत पुढच्या वाहनाला ओलांडण्याइतका वेग मिळत नाही.